वाचकांचे प्रश्न : मेळ्यातले तळलेले गोड पदार्थ घरच्या कढईत

गेल्या अंकात आम्ही फनेल केकची कृती दिली होती. नरसाळ्यातून सरसरीत पीठ गरम तेलात वेटोळ्यांनी सोडायचे, दोन्ही बाजूंनी सोनेरी तळायचे आणि वरून पिठीसाखर भुरभुरायची, असा हा पदार्थ. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात स्थायिक झालेल्या जर्मनभाषक कुटुंबांच्या स्वयंपाकघरांतून तो आला आणि कुट्झटाऊन येथे १९५० साली सुरू झालेल्या लोकमहोत्सवामुळे मेळ्यामेळ्यांत पोहोचला, असे मानले जाते. त्या कृतीनंतर आलेल्या पत्रांत फनेल केकबरोबरच चुरो, डोनट आणि पिठात बुडवून तळलेली बिस्किटे यांविषयीही प्रश्न आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मेळ्यातला फनेल केक बाहेरून कुरकुरीत आणि आतून हलका असतो. घरी मात्र पहिला घाणा बरा निघतो आणि पुढचे सगळे तेलकट, चिवट होत जातात. पीठ तेच असताना असे का व्हावे?

उत्तर : पहिला घाणा चांगला निघतो, हे आपण आवर्जून लिहिलेत ते बरे झाले, कारण त्यावरूनच दोष पिठात नसून तेलाच्या तापमानात आहे हे स्पष्ट होते. मेळ्यातल्या विक्रेत्याजवळ तापमान आपोआप राखणारी मोठी तळणी असते आणि तिच्यात घरच्या कढईच्या अनेक पट तेल असते. त्यामुळे थंड पीठ पडले तरी तेल फारसे निवत नाही. घरी आपण लिटरभर तेल घेतो, आणि सगळी अडचण तिथे सुरू होते.

याचा साधा हिशेब मांडता येतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.२६ किलोज्यूल उष्णता लागते. शंभर ग्रॅम पिठाचा एक केक तळताना त्यातील पंचवीस ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले, असे धरले आणि उरलेले पीठ तापायला लागणारी उष्णता त्यात मिळवली, तर एकूण उष्णता ऐंशी किलोज्यूलच्या आसपास जाते. आच बंद ठेवली असती, तर एवढ्यानेच लिटरभर तेलाचे तापमान पस्तीस-चाळीस अंशांनी उतरले असते. आच चालू असल्याने ही तूट भरून निघते, परंतु तिला वेळ लागतो, आणि तो वेळ न देता दुसरा केक सोडला की तो १८५ ऐवजी १५५ अंशांच्या तेलात पडतो.

कमी तापलेल्या तेलात कवच उशिरा धरते, केक जास्त वेळ तेलात राहतो आणि तोवर तेल पिऊन घेतो. म्हणून उपाय असे की तेलाची खोली निदान चार ते पाच सेंटिमीटर ठेवावी, पातळ पत्र्याच्या भांड्याऐवजी जाड बुडाची कढई किंवा बिडाचे भांडे घ्यावे, एका वेळी एकच केक तळावा आणि दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा १८५ ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत येऊ द्यावे. केकही मोठा करू नये; बारा ते पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पुरे. मेळ्यात ताटभर पसरलेला केक मिळतो म्हणून घरीही तेवढा करायचा आग्रह धरला, तर वर सांगितलेला हिशेब आपल्या विरुद्ध जातो.

आणखी एक गोष्ट तळल्यानंतरच्या क्षणांची आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पदार्थ तेलात असेपर्यंत आतली वाफ जोराने बाहेर येत असते आणि ती तेलाला आत शिरू देत नाही. पदार्थ बाहेर काढला की तो निवू लागतो, आतल्या वाफेचे पाणी होते, बारीक पोकळ्यांमधला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटून राहिलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे तेलाचा बराचसा भाग पदार्थ कढईबाहेर आल्यावर मुरतो. यासाठी झाऱ्यावर घेतलेला केक कढईवरच काही क्षण तिरपा धरून निथळावा, लगेच कागदावर दोन्ही बाजूंनी टिपावा आणि मग जाळीवर ठेवावा. कागदावरच राहू दिला तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते.

प्रश्न : तापमापक नसेल तर तेल पुरेसे तापले हे कसे ओळखावे?

उत्तर : तापमापक घ्यावा, असेच आमचे मत आहे, या पदार्थांसाठी कोणतेही एक नवे साधन घ्यायचे असेल, तर नरसाळ्याच्या आधी ते घ्यावे. त्याचे टोक तेलात बुडलेले असावे पण बुडाला टेकू नये, अन्यथा तो कढईच्या तळाचे तापमान दाखवतो. तोपर्यंत पिठाचा थेंब टाकून पाहावा. थेंब तळाशी रेंगाळला तर तेल कमी तापले आहे, बुडून दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला तर योग्य आहे आणि पडताच तपकिरी झाला तर आच कमी करून थांबावे. पावाचा लहान चौकोनी तुकडा सुमारे मिनिटभरात सोनेरी होत असेल, तर तेल १८० अंशांच्या जवळपास आहे असे समजावे. तेलातून धूर निघेपर्यंत वाट पाहणे ही मात्र परीक्षा नव्हे. धूर निघू लागला म्हणजे तेल बिघडू लागले आहे.

प्रश्न : नरसाळ्यातून पीठ एकसारखे पडत नाही, गोळे पडतात. शिवाय आमच्याकडे अंडे चालत नाही. त्यासाठी काय करावे?

उत्तर : गोळे पडण्याची कारणे बहुतेक वेळा दोन असतात : पिठातल्या गुठळ्या आणि अपुरे छिद्र. पीठ चाळून घ्यावे, भिजवल्यावर पुन्हा एकदा मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून काढावे आणि नरसाळ्याचे तोंड सुमारे एक सेंटिमीटरचे असावे. बोटाने तोंड बंद करून नरसाळे भरायचे, तेलापासून थोड्याच उंचीवर धरून बोट काढायचे आणि हात न थांबवता आधी कडेने व मग आत असे एकमेकांवर चढणारे वेढे द्यायचे. हात थांबला की तिथे जाड ठिपका पडतो आणि तो आतून कच्चा राहतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी सॉसची पिळायची बाटली किंवा कोपरा कापलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी वापरावी. नरसाळ्याशिवाय केला म्हणून केकच्या चवीत काही उणे येत नाही.

अंड्याचे माप असे आहे : २५० ग्रॅम मैदा, दोन अंडी, २४० मिलिलिटर दूध, तीन टेबलस्पून साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ आणि थोडा व्हॅनिला अर्क. अंड्यामुळे वेढे एकमेकांना धरून राहतात आणि केक उलटताना तुटत नाही. अंडे वगळायचे असेल तर २२० ग्रॅम मैद्यात ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळावे, बेकिंग पावडर दोन टीस्पून करावी, दूध ३०० मिलिलिटरच्या आसपास घ्यावे आणि एक टेबलस्पून वितळलेले लोणी घालावे. मैदा कमी-जास्त पाणी धरतो, म्हणून शेवटचे थोडे दूध हाताशी ठेवून पिठाची धार पाहूनच घालावे. चमच्यातून ती अखंड पडली पाहिजे. बिनअंड्याचा केक थोडा नाजूक असतो, तेव्हा तो लहान करावा, वेढे जास्त जवळ द्यावेत आणि एक झारा खालून व दुसरा वरून लावून उलटावा.

साखर वाढवण्याचा मोह दोन्ही प्रकारांत टाळावा. पिठातली जादा साखर लवकर करपते, त्यामुळे बाहेरचा रंग गडद होतो आणि आतले पीठ ओलेच राहते. गोडी वरच्या पिठीसाखरेतून यावी. तसेच पीठ भिजवल्यावर ते फार फेटू नये, कारण जास्त फेटलेल्या मैद्याला ताण येतो आणि केक चिवट होतो. दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवले की उरलेल्या बारीक गुठळ्या आपोआप मुरतात.

प्रश्न : चुरो तळताना तेलात मोठा आवाज होऊन फुटला आणि तेल उडाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण पुन्हा करायची भीती वाटते. हे टाळता येईल का?

उत्तर : टाळता येते, परंतु भीती वाटणे योग्यच आहे, आणि कारण नीट समजल्याशिवाय पुन्हा करू नये. चुरो हा स्पेनमधला पदार्थ. उकळते पाणी मैद्यावर ओतून घट्ट पीठ करायचे, ते दाबाने लांब काडीच्या आकारात तेलात सोडायचे आणि तळून साखर-दालचिनीत घोळवायचे. त्याचा आडवा छेद चांदणीसारखा असतो तो केवळ शोभेसाठी नव्हे. काडी गोल आणि गुळगुळीत असेल तर तिचे कवच सगळीकडून सारखे आवळले जाते, आत पाणी उकळत राहते, वाफेला वाट मिळत नाही आणि शेवटी काडी फुटते. चांदणीच्या कडा आणि खाचा यांमुळे पृष्ठभाग वाढतो, उष्णता आत लवकर पोहोचते आणि कवच एकसंध न आवळल्याने वाफ खाचांतून निघून जाते. आपण गोल तोंडाची नळी वापरली असावी, असा आमचा अंदाज आहे. चुरोसाठी चांदणीच्या आकाराचे तोंड नसेल तर चुरो करूच नयेत. त्या दिवशी फनेल केक करावा.

दुसरे कारण पिठात अडकलेली हवा आणि कोरडा राहिलेला मैदा हे असते. २४० मिलिलिटर पाणी, दोन टेबलस्पून तेल आणि अर्धा टीस्पून मीठ खळखळून उकळावे, त्यात १४० ग्रॅम चाळलेला मैदा एकदम घालावा, आच बंद करावी आणि लाकडी चमच्याने जोर लावून घोटावे. पाणी उकळते असले तरच मैद्यातला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो. कोमट पाण्यात केलेले पीठ दिसायला तसेच असते, पण तळताना धोक्याचे ठरते. कोरडा मैदा कुठेही दिसेनासा झाला पाहिजे. पीठ हाताला सोसेल इतके निवले की पिशवीत घट्ट दाबून भरावे, म्हणजे मधे हवेच्या पोकळ्या राहणार नाहीत. काड्या थेट तेलात सोडण्याऐवजी आधी कागदावर दहा-बारा सेंटिमीटरच्या पाडून घ्याव्यात. त्यात एखादी भेगाळलेली किंवा पोकळ दिसली तर ती बाजूला काढता येते.

तळताना कढई निम्म्याहून जास्त भरलेली नसावी. वर जाळीचे झाकण ठेवावे. घट्ट झाकण तळणीवर ठेवू नये, कारण त्याला आतून धरलेले पाणी पुन्हा तेलात ठिबकते. घट्ट बसणारे झाकण मात्र ओट्यावर हाताशी असलेच पाहिजे, ते आगीसाठी. तेलाने कधी पेट घेतलाच, तर आच बंद करावी, झाकण सरकवत कढईवर बसवावे आणि कढई पूर्ण निवेपर्यंत जागची हलवू नये. पाणी कदापि टाकू नये. तेलापेक्षा जड असल्याने पाणी खाली जाते, क्षणात त्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा व्यापते आणि पेटलेले तेल घरभर उडवते. लहान मुलांना तळणीच्या वेळी ओट्यापासून दूर ठेवावे. साखरेत घोळवण्याचे काम ती आवडीने करतात, ते त्यांना दुसऱ्या टेबलावर द्यावे.

प्रश्न : घरी केलेले डोनट बाहेरून काळपट आणि मधे कच्चे राहतात. तेल तर १९० अंशच होते.

उत्तर : फनेल केकचे वेढे बारीक असतात म्हणून त्याला १९० अंश चालतात, यीस्टचे डोनट जाड असतात, त्यांना १७५ ते १८० अंश पुरे. पीठ सव्वा सेंटिमीटर जाडीचे लाटावे आणि मधले छिद्र मोठे पाडावे, कारण तळताना ते आक्रसते. कापलेले डोनट दुसऱ्यांदा पुरेसे फुगले की नाही, हे बोटाने हलके दाबून पाहावे. खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला तर ते तळायला तयार आहेत. चांगल्या फुगलेल्या डोनटच्या कडेला तळल्यानंतर मध्यावर एक फिकट पट्टा राहतो, कारण तो हलका असल्याने तेलावर उंच तरंगतो आणि तेवढा भाग तेलात बुडतच नाही. पट्टा दिसला नाही तर डोनट जड झाले होते, असे समजावे.

रंगाबाबत आणखी एक सूचना करावीशी वाटते. १२० अंशांपेक्षा जास्त तापमानात स्टार्चच्या पदार्थांत ॲक्रिलामाइड हा अपायकारक घटक तयार होतो आणि रंग गडद होत जातो तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून सोनेरी रंगावर थांबावे, तपकिरी होऊ देऊ नये.

प्रश्न : मेळ्यात चॉकलेटची बिस्किटे, आइसक्रीम, इतकेच काय पण शीतपेयसुद्धा तळतात, असे ऐकले. हे घरी शक्य आहे का?

उत्तर : शीतपेय तळले जात नाही. डॅलस येथील टेक्सास राज्य मेळ्यात २००६ साली गाजलेल्या ‘तळलेल्या कोक’मध्ये ते पेय पिठात मिसळलेले होते, त्या पिठाचे गोळे तळून वर त्याच पेयाचा पाक ओतला जाई. घरीही दुधाऐवजी पेय घालून असे गोळे करता येतील, पण चवीत फार मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

क्रीमची बिस्किटे मात्र अवश्य करावीत. ती तासभर फ्रीझरमध्ये घट्ट करावीत, पृष्ठभागावर हिमाचे कण धरले असतील तर पुसून काढावेत (हे कण तेलात तडतडतात), कोरड्या मैद्यात घोळवावीत आणि मग फनेल केकपेक्षा घट्ट पिठात बुडवून १८० ते १८५ अंशांवर दोन मिनिटे तळावीत. मैद्यात घोळवल्याने पीठ बिस्किटाला धरून राहते. आत बिस्किट केकसारखे मऊ होते आणि क्रीम जेमतेम वितळते. चॉकलेटच्या वडीलाही हीच रीत लागू आहे. स्कॉटलंडमधील स्टोनहेवन गावातून १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेला तळलेला चॉकलेट बार असाच होतो.

आइसक्रीमला दोन वेळा आवरण द्यावे लागते. गोळे करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावेत, कॉर्नफ्लेक्सच्या चुऱ्यात घोळवून पुन्हा गोठवावेत, मग अंड्यात किंवा मैद्याच्या पातळ पिठात बुडवून परत चुरा लावावा आणि आणखी काही तास ठेवावे. १९० अंशांच्या तेलात दहा ते पंधरा सेकंद, बस. एका वेळी एक गोळा घ्यावा आणि कुठे उघडा भाग राहिला नाही, हे तेलात सोडण्याआधी पाहावे.

प्रश्न : पिठीसाखर भुरभुरल्यावर ती विरघळून चिकट होते.

उत्तर : केक अगदी गरम असताना साखर घातली की वाफ आणि तेल दोन्ही ती शोषून घेते. केक मिनिट-दोन मिनिटे जाळीवर राहू द्यावा आणि वाढतानाच बारीक गाळणीतून साखर भुरभुरावी. घरी दळलेल्या साखरेत थोडे कॉर्नफ्लोअर मिसळले तर ती जास्त वेळ कोरडी राहते. चुरो आणि डोनटचे याउलट आहे. त्यांना दाणेदार साखर लावायची असल्याने ते गरम असतानाच घोळवावेत, नाहीतर दाणे धरत नाहीत.

प्रश्न : हे सगळे एअर फ्रायरमध्ये होईल का?

उत्तर : फनेल केक आणि पिठात बुडवलेली बिस्किटे होणार नाहीत, कारण पातळ पीठ कवच धरण्याआधीच जाळीतून गळते. चुरो आणि डोनट होतात, पण ते तळलेल्या पदार्थाऐवजी भाजलेल्या पावाच्या चवीचे होतात. ते ज्यांना आवडतील त्यांनी जरूर करावेत.

प्रश्न : कोणते तेल घ्यावे, आणि तळून उरलेले तेल पुन्हा वापरावे का?

उत्तर : स्वतःचा वास नसलेले, रिफाइंड केलेले सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घ्यावे, या तेलांतून साधारण २२५ अंशांच्या पुढे धूर निघतो, म्हणून १९० अंशांना ती निर्धास्त वापरता येतात. लोण्यात तळू नये, त्यातला दुधाचा अंश त्याआधीच करपतो. तळण संपल्यावर तेल पूर्ण निवू द्यावे, पातळ कापडातून गाळावे आणि हवाबंद बाटलीत अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे. किती वेळा वापरावे याचा आकडा सांगण्यापेक्षा खुणा सांगणे योग्य ठरेल : रंग गडद झाला, तेल दाट वाटू लागले, तापताना वर फेस धरू लागला, वास खवट आला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर निघाला, तर ते टाकून द्यावे. नव्या तेलात जुने मिसळून ते वाचवू नये, नवेही लवकर बिघडते. टाकायचे तेल मोरीत ओतू नये. बाटलीत बंद करून कचऱ्यात द्यावे.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला वीसएक मुलांसाठी हे पदार्थ करायचे आहेत. आधी काय करून ठेवता येईल?

उत्तर : कोरडे जिन्नस आदल्या दिवशी मोजून एकत्र करावेत, पण दूध तळण्याच्या थोडे आधीच घालावे, कारण भिजवताच बेकिंग पावडरमधला काही वायू निघू लागतो. चुरोच्या काड्या कागदावर पाडून, झाकून काही तास फ्रीजमध्ये ठेवता येतात. तळलेले पदार्थ १०० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर एकेरी मांडून अर्धा तास कुरकुरीत राहतात. मात्र एकावर एक रचू नयेत आणि झाकू नयेत.

वीस जणांसाठी वीस मोठे केक एका कढईत करायला घेऊ नका, शेवटच्या मुलापर्यंत पोहोचेतो पहिल्याचे खाऊन विसरून झालेले असेल. तळहाताएवढे लहान केक करावेत. शक्य असल्यास दोन कढया दोन मोठ्यांच्या ताब्यात द्याव्यात आणि तळणीचा क्रम आधीच ठरवावा. डोनट आणि चुरो प्रथम घ्यावेत, त्यांच्यामुळे तेल फारसे खराब होत नाही. मग फनेल केक, आणि प्रत्येक दोन-तीन केकनंतर तेलातले पिठाचे बारीक कण झाऱ्याने काढून टाकावेत, नाहीतर ते जळून पुढच्या केकला चिकटतात. क्रीमची बिस्किटे सर्वांत शेवटी ठेवावीत, म्हणजे एखादे फुटून चॉकलेट गळले आणि तेल काळवंडले, तरी त्यात आणखी काही तळायचे राहिलेले नसेल.